अकराव्या मैलाचे दोन दगड

"आजी, जरा बाजूला होता का? दगडाचा फोटो घ्यायचाय."

म्हातारी जागची हलली नाही. दगडाला पाठ टेकून, पाय लांब पसरून ती निवांत बसली होती आणि तिच्या आठ-दहा शेळ्या उतारावरच्या करवंदीच्या जाळ्या ओरबाडत होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्यांचे भरगच्च चुडे.

"काढा की. मी बी येते त्यात," ती म्हणाली. "ह्यो माझा बसायचा दगुड हाय. माझ्याबिगर कसा निघंल त्येचा फोटू?"

मी तेव्हा कराडला पॉलिटेक्निकात सर्व्हेइंग शिकवत होते. मोजमापाच्या फोटोत माणूस आलेला मला खपायचा नाही. पण खेरणीच्या जुन्या घाटात चार तास चालून आल्यावर आजीशी वाद घालायचं त्राण नव्हतं. दगड शोधायला बरोबर निघालेले आमच्या मंडळाचे गद्रे गुडघा धरून दहाव्या मैलालाच बसले होते, त्यामुळे मदतीलाही कुणी नव्हतं. म्हटलं, असू दे. फोटोत आजी एक हात दगडावर ठेवून हसतेय आणि तिच्या खांद्याशेजारी अकराचा आकडा आहे, वर इंग्रजी, खाली मराठी.

दगड मात्र बघत राहावा असा होता. कोपरा न् कोपरा शाबूत, आकडे कालच कोरल्यासारखे. पुढे कित्येक वर्षं मी तो फोटो वर्गात दाखवायचे आणि सांगायचे, ही बघा इंग्रजांच्या अमदानीतली कारागिरी, नाहीतर आपलं आजचं काम.

"आमचं मालक ह्याच रस्त्याला कामाला हुतं," आजी म्हणाली. "मैलकुली."

मैलकुली म्हणजे एकेका मैलाची देखभाल करणारा रस्त्यावरचा मजूर. खड्डे भरायचे, गटारं मोकळी ठेवायची, दगडाला चुना लावायचा. खरं म्हणजे असं माणूस भेटलं की आम्ही उड्या मारायला हव्यात. मी मोबाईलवर अक्षांश-रेखांश स्थिर व्हायची वाट बघत होते.

"आता कुठं असतात?"

"मंबईला," ती म्हणाली. बाजाराला गेलेत म्हणावं तितक्या सहज.

"बरं बरं," मी म्हटलं. निघताना तिच्या हातात आमच्या मंडळाचं पत्रक ठेवलं. असे आणखी दगड कुठे दिसले तर कुणाकडून तरी कळवा, म्हटलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं त्या कागदाची चार घड्यांची पुडी करून कनवटीला खोचली. नाव विचारलं तर गजरा झोरे म्हणाली. ते नाव मी नोंदीत घातलं नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

आमचं मंडळ म्हणजे चाळीसेक हौशी माणसं. कुणी निवृत्त बँकवाले, कुणी दुकानदार, दोन डॉक्टर, आणि मी. जुन्या, बंद पडलेल्या रस्त्यांवरचे मैलाचे दगड शोधायचे, फोटो काढायचा, जागेची नोंद करायची, की ती आमच्या सगळ्यांच्या नकाशावर चढायची. ज्यानं आधी शोधला त्याचं नाव त्या दगडापुढे कायमचं. एखाद्या रस्त्याचे सगळे दगड सापडले की नकाशावरची त्याची लाल रेघ हिरवी व्हायची. त्या हिरव्या रेघेसाठी चांगली पन्नाशीची माणसं काट्याकुट्यांतून सरपटायची. घरचे आम्हाला वेडे समजायचे आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

माझ्याकडे काम होतं दुबार नोंदींचं. एकच दगड दोघंतिघं वेगवेगळ्या दिवशी नोंदवतात, घाटात मोबाईल जागा पन्नास-साठ मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि एकाच दगडाचे दोन होतात. अशी जोडी आली की माझ्या पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी यायचे. खाली रस्ता, आकडा, अंतर, आणि दोन बटणं, 'एकच' आणि 'वेगळे'. 'एकच' दाबलं की आधीची नोंद राहायची, नंतरची जायची. नोंद करणाऱ्यानं काही मजकूर लिहिला असेल तर तो वाचायला आणखी एका ठिकाणी बोट लावावं लागायचं. मी सहसा लावत नसे. लोक काय लिहितात ते ठाऊक होतं. 'आज खूप मजा आली.' 'वाटेत वडापाव छान मिळतो.'

मी हे काम झपाट्यानं करायचे आणि त्याचा मला तोरा होता. गद्रे सगळ्यांना सांगायचे, "टोळे मॅडमच्या नजरेतून दुसरा दगड सुटायचा नाही."

खेरणी घाटाच्या बावीस मैलांचे बावीसही दगड सापडायला आम्हाला सहा वर्षं लागली. शेवटचा, सतरावा, दोन हजार सोळाच्या जूनमध्ये मिळाला. बावीसपैकी नऊ माझे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कराडला मेळावा ठरला होता. तिथं मोठ्या पडद्यावर खेरणीची हिरवी रेघ दाखवायची आणि माझ्या हाती नारळ-शाल द्यायची, असं गद्र्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं.

मेळाव्याच्या आदल्या सोमवारी माझ्या पडद्यावर एक जोडी आली. खेरणी घाट, अकरा. डावीकडे माझा दगड, गजराबाईंसह. उजवीकडे नवी नोंद, पाठवणारी सुरेखा धोत्रे, हे नाव कधी न ऐकलेलं. फोटो पावसातला, धुरकट. शेवाळानं मढलेला, अर्धा मातीत गाडलेला एक कललेला दगड आणि त्यावर जेमतेम कळेल असा अकरा. अंतर साठ मीटर.

मी किती वेळ बघितलं असेल? वीस सेकंद म्हणजे फार झालं. कलला दिसतो, कारण मोबाईल वाकडा धरला असणार. गाडलेला दिसतो, कारण पावसात माती वाहून आली असणार. आणि एका मैलाला दगड एकच असतो, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. 'वेगळे' दाबलं असतं तर तो मैल वादात पडला असता, कुणीतरी जाऊन पाहून येईपर्यंत रेघ पुन्हा लाल झाली असती आणि मेळावा तर रविवारी होता. हे सगळं तेव्हा मनात आलंच नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. आलं होतं. मी 'एकच' दाबलं.

गुरुवारी दुपारी फोन आला. टेबलावर ब्याऐंशी पेपरांचा गठ्ठा होता, हातात लाल पेन.

"मॅडम, मी सुरेखा धोत्रे बोलते, खेरणीहून. अंगणवाडी सेविका आहे मी. आमची दगडाची नोंद दिसेना झालीय."

"दुबार होती ती," मी म्हटलं. "काढली."

"दुबार नाही हो मॅडम. आमचे मामंजी... थांबा, त्यांनाच देते."

फोनमध्ये खाकरण्याचा आवाज आला. मग हळू, जपून बोलणारा एक म्हातारा आवाज.

"नमस्कार बाईसाहेब. मी यल्लाप्पा धोत्रे. मैलकुली हुतो त्या रस्त्याला, धा ते बारा मैल."

"नमस्कार नाना. बोला."

"अकराचं दगुड दोन हायती, बाईसाहेब."

"नाना, एका मैलाला दोन दगड कसे असतील?"

"नसत्यात. पर तितं हायती."

मी उत्तरपत्रिकेतल्या एका चुकलेल्या आकृतीवर फुली मारली. शिकवून शिकवून माझ्या आवाजात एक समजूतदारपणा मुरलेला आहे, तो मी काढला. "असं बघा, आमच्याकडे तो दगड आधीच नोंदलेला आहे. चांगला स्वच्छ फोटो आहे. तुमच्याच गावच्या एक आजी आहेत त्यात."

"व्हय. गजरावैनी. बघितलाय म्या. बाईसाहेब, सुरेखानं खाली लिवल्यालं तुमी वाचलं न्हवं?"

आता मला ते वाक्य म्हणतानाचा माझा स्वर अगदी जसाच्या तसा आठवतो. हातातलं पानसुद्धा उलटायची थांबले नव्हते मी.

"वाचलं की."

"समदं?"

"हो, सगळं. वाचल्याशिवाय मी कुठलीच नोंद काढत नाही, नाना."

पलीकडे मागे कुठेतरी कोंबड्या कलकलत होत्या, तेवढं ऐकू येत होतं.

"आन् वाचून काढली," नाना म्हणाले.

"काढावी लागते. ठेवली तर लोकांचा गोंधळ उडतो."

"गोंधळ व्हईल, ह्ये खरं हाय. तुमी शिकल्यासवरल्या. तुमास्नी ठिवावं वाटलं न्हाई, म्हंजी न ठिवल्यालंच बरं असंल. मला बी इतकी वर्सं त्येच वाटायचं. औंदा जरा मन घट्ट केलं हुतं, पर... ऱ्हाऊ द्या मंग."

"आणखी वेगळे दगड सापडले तर जरूर पाठवा हं," मी म्हटलं.

रविवारी मेळावा झाला. पडद्यावर खेरणीची रेघ हिरवी झाली, टाळ्या पडल्या, मला शाल मिळाली. माझ्या नऊ दगडांचे फोटो दाखवले तेव्हा अकराव्याला लोक विशेष हसले, आजींच्या पोजमुळे.

त्यानंतर दोन वर्षांनी मंडळाची सगळी माहिती नव्या संकेतस्थळावर न्यायचं ठरलं. गद्रे म्हणाले, काढून टाकलेल्या नोंदींचा कचरा तेवढा साफ करा, तो ओझं म्हणून कशाला न्यायचा. साडेतीनशे नोंदी होत्या. सगळ्या एकदम पुसता आल्या असत्या. पण दिवाळीची सुट्टी होती, घरात मी एकटी, आणि आपण किती कामाच्या आहोत हे बघायला कुणाला आवडत नाही? एकेक उघडत गेले. मजा आली, वडापाव, मजा आली. सकाळी दहाच्या सुमाराला खेरणीचा अकरा उघडला. मजकूर लांब होता.

तो मी नंतर कागदावर उतरवून घेतला, आणि ती नोंद पुसली नाही. सुनेनं सासऱ्याचं बोलणं आपल्या शाळेतल्या मराठीत बसवलं होतं.

'हा दगड खरा अकरावा आहे. वर रस्त्यावर आहे तो मी घडवलेला. चीनच्या लढाईच्या साली श्रावणात दरड आली. मुकादमाने मला आणि शिदू झोरे याला भर पावसात गटार मोकळे करायला लावले होते. मी पहार आणायला वर गेलो आणि माझ्या मागे रस्ता खाली गेला. शिदू गेला व दगडही गेला. मुकादम म्हणाला, असल्या पावसात माणसे घातली म्हणून माझी नोकरी जाईल व तुझीही जाईल. शिदू आज कामावर आलाच नाही असे सांग. मग रस्ता डोंगराकडे आत सरकवून घेतला. साहेब पाहणीला यायच्या आधी मी चार दिवसांत नवा दगड घडवून बसवला. आमची जात वडाराची, दगडाचे काम येते. साहेबाने दगड बघितला आणि सर्व जागेवर आहे असे लिहिले. मला कायम केले. शिदूच्या घरी तो काम सोडून मुंबईला गेला असे सांगितले, ते मी सांगितले. गजरावहिनी अजून वाट बघते. मला तोंडाने सांगायला होत नाही. ती तुमचा कागद वाचून घ्यायला सुरेखाकडे आली तेव्हा मला हे सुचले. मॅडमनी ही नोंद ठेवली की सुरेखा वहिनीला वाचून दाखवील. सगळ्या लोकांसमोर लिहिलेले आहे म्हटल्यावर तिला खोटे वाटणार नाही. शिदू पळाला नाही. तो कामावर होता.'

मी तो मजकूर दोनदा वाचला. मग माझा फोटो उघडला. गजराबाई दगडाला टेकून हसत होत्या. ह्यो माझा बसायचा दगुड हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं खेरणीला गेले. वाटेत मनाशी पक्कं केलं होतं. नानांच्या पाया पडायचं, मी वाचलं नव्हतं म्हणून सांगायचं, तिथल्या तिथे नोंद परत लावायची आणि सुरेखाबरोबर गजराबाईंकडे जायचं. दोन वर्षं उशीर झाला होता, पण पंचावन्न वर्षांपुढे दोन वर्षं ती काय, असा हिशेबही मी करून टाकला. माझी हिशेबाची खोड जात नाही.

सुरेखा अंगणवाडीला कुलूप लावत होती. पस्तिशीची, ठेंगणी, चेहऱ्यावर काही न दाखवणारी बाई. मी नाव सांगितलं.

"ओळखलं," ती म्हणाली. "आवाजावरून."

"गजराबाईंना भेटायचंय मला. नानांनाही."

तिनं किल्ली पदराच्या टोकाला बांधली. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "गजरामावशी गेल्या. मागच्या माघात."

मी अंगणवाडीच्या पायरीवरच बसले.

"सवाष्ण म्हणून नेलं त्यांना," सुरेखा म्हणाली. "हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. वाडीतल्या बायका पाया पडत होत्या. असं मरण यायला नशीब लागतं म्हणत होत्या. वटपौर्णिमेला दरसाल वडाला सूत गुंडाळायच्या मावशी, एक वर्ष चुकवलं नाही. नाना ओट्यावर बसून सगळं बघत होते. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, नाना, आता तरी बोला, शिदूकाकांच्या नावानं कुणी पाण्याचा थेंब सोडलेला नाही अजून. तर म्हणाले, त्या बाईंनी समदं वाचलं आन् वाचून काढलं. त्या शहाण्या. आपण कशापायी तिचं कुंकू पुसायचं?"

मला बोलायचं होतं. मी पायरीवरून उठले.

"चला," ती म्हणाली. "नाना घरीच आहेत. अंथरूण धरलंय त्यांनी, पण बोलतात."

घर जवळच होतं. दारातच एक पाटा पडला होता, टाकी लावून अर्धवट सोडलेला. नाना खाटेवर उशाला वाकळेची गुंडाळी घेऊन पडले होते. देह पार वाळलेला, पण हात अजून केवढे! चादरीवर पडलेल्या त्या पंजांकडे बघूनच कळत होतं की तो दगड ह्याच माणसानं घडवला.

"नाना, कराडच्या मॅडम आल्यात. दगडवाल्या," सुरेखानं मोठ्यानं सांगितलं.

नाना उठायला लागले. मी पुढे होऊन त्यांना निजवलं, तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"बाईसाहेब, तुमी आला. लई बरं झालं," ते म्हणाले. "मला येक इचारायचं हुतं तुमास्नी. फोनवर धीर झाला न्हाई."

"नाना, आधी मला काही सांगायचंय."

"सांगा की. पर आधी माझं ऐका, मंग मला दम लागतो." त्यांनी खरंच दम घेतला. "तुमी त्ये वाचलं. समदं वाचून इचार केला आसंल न्हवं, की ह्या म्हातारीला आता कशाला सांगायचं? गेली ती सुखानं गेली. भरल्या कपाळानं गेली. म्या सांगितलं आसतं तर तिनं तवाच कुकू पुसलं आसतं, दोन वर्सं रडली आसती. रातध्याड त्येच घोळतं माझ्या डोस्क्यात. मी सोता ठरवलं आसतं तर म्हनलो आसतो, यल्लाप्पा, तू भेलास. पर तुमी ठरवलं. तुमचा ह्यात कायबी सवारथ न्हवता. तवा त्ये बरंच झालं आसंल न्हवं?"

ते माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पण नजर हलत नव्हती. माझा ह्यात काही स्वार्थ नव्हता, असं तो माणूस म्हणत होता. माझ्या कपाटात ती शाल अजून घडीसुद्धा न मोडलेली होती.

सांगायला पाहिजे होतं. एसटीत शंभर वेळा म्हणून बघितलं होतं ते वाक्य, तीनच शब्दांचं.

"हो नाना," मी म्हटलं. "सगळं वाचूनच काढलं. विचार करून."

त्यांनी डोळे मिटले. माझ्या हातावरची पकड सैल झाली. "मंग झालं," ते म्हणाले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "आता लावू बी नगा ती नोंद. ऐकणारीच न्हाई ऱ्हायली. तुमास्नी काय सांगायचं हुतं?"

"काही नाही. त्या दगडाचं काम फार सुरेख आहे, एवढंच."

नाना हसले. "चार दिसांत क्येला, बाईसाहेब. निवांत घडवला आसता तर बगायचा हुता."

सुरेखा आतल्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. एसटीला अवकाश होता. फाट्यावर सावलीला उभ्या राहिलो तेव्हा मी म्हटलं, "सुरेखा, मला तुम्हाला खरं सांगायचंय."

"मला माहितीय," ती म्हणाली.

"काय?"

"नोंद पाठवली की ज्यानं पाठवलीय त्याला खाली दिसतं, मजकूर किती वेळा उघडला गेला ते. 'पाहिले' असं लिहिलेलं असतं. ते टाइप करायला मला तीन रात्री लागल्या, मॅडम. नाना एकेक वाक्य सांगायचे आणि उठून बाहेर जायचे. म्हणून मी सारखी बघायची, कुणी उघडलं का. सोमवारी नोंद गेली, तेव्हा शून्य होतं."

मी तिच्याकडे बघायचं टाळत रस्त्याकडे बघत राहिले.

"म्हणजे फोनवर मी वाचलं म्हणाले, तेव्हाच तुम्हाला..."

"तेव्हाच."

"मग नानांना का नाही सांगितलंत? त्यांनी पुन्हा पाठवली असती. गजराबाई होत्या तोवर दीड वर्ष होतं हातात."

आवाज न चढवता ती म्हणाली, "काय सांगू? पंचावन्न वर्षांनी तोंड उघडलंत नाना, आणि ते कुणी वाचलंसुद्धा नाही, असं? तुमचं नाव घेऊन ते निदान झोपायला तरी लागले होते. पण माझंही चुकलंच. मी एकटीनं जाऊन मावशींना सांगू शकले असते. रोज दारावरून जायच्या त्या, शेळ्या घेऊन. रोज वाटायचं, आज सांगू."

एसटी आली. चढताना मी तिचा हात धरला, तिनं तो काढून घेतला नाही, दाबलाही नाही.

नाना पुढच्या पावसाळ्यात गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरेखाचा निरोप आला, दोनच शब्दांचा. 'आता लावा.'

त्या दिवशी मी 'वेगळे' दाबलं. मजकूर जसाच्या तसा ठेवला, शोधणाऱ्याच्या जागी यल्लाप्पा धोत्रे घातलं. माझ्या नोंदीतही दुरुस्ती केली, दगड कुणी घडवला ते, आणि फोटोतल्या बाईंचं नाव. त्यासाठी रकाना नव्हताच, मग मजकुरात लिहिलं. खेरणीची रेघ पुन्हा लाल झाली. गद्रे दुखावले, म्हणाले, एवढी वर्षं झाल्यावर हे काय काढलंत. मी त्यांना नोंद वाचायला सांगितली. वाचतो म्हणाले. दुबार नोंदींचं काम मी त्याच आठवड्यात सोडलं.

आता ते काम करणारी मुलगी हुशार आहे, माझ्यासारखीच झपाट्यानं हात चालतो तिचा. वर्षातून एक-दोनदा तिचा निरोप येतो, मॅडम, खेरणीला अकरा दोनदा पडलाय, एक काढू का? मी दर वेळी लिहिते, नको, आधी मजकूर उघडून वाच. मग नव्या संकेतस्थळावर आता सगळ्यांना दिसणारा पाहिल्यांचा आकडा एकानं वाढलाय का ते बघायला मी स्वतःच ती नोंद उघडते, आणि माझ्या उघडण्यानंच तो वाढतो. काल तो एकशे बारा होता. त्यातले शंभर तरी माझेच असतील.